दोनदा हरेपर्यंत बाद नाही!

मुलांनो, लूडोत हरल्यावर तुम्ही काय म्हणता? "मला सहाच पडेना!" होय ना? आमच्या शाळेतही हेच. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला, की मधल्या सुट्टीत वर्गात लूडोचे पट उघडतात. यंदा चौथीतल्या आठ जणांनी स्पर्धा ठरवली. दोघादोघांत डाव, हरेल तो बाद. पहिल्याच फेरीत एक मुलगी बाद झाली. कोणती सोंगटी पुढे न्यायची, कोणती राखून ठेवायची, हे तिच्याइतकं वर्गात कुणाला कळत नाही. पण फासाच रुसला! "बाई, हा काही न्याय नाही," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मग मुलांनीच तोडगा काढला. दोनदा हरेल तोच बाद! एकदा हरलेल्यांचा वेगळा गट करायचा, त्यातून शेवटी उरेल तो अंतिम फेरीत. म्हणजे सात डावांऐवजी चौदा किंवा पंधरा. पंधरावा कशाला? अहो, अंतिम फेरीत एक जण एकदाही न हरलेला असतो. त्याला एकाच डावात बाद केलं, तर त्याची दुसरी संधी कुठे गेली? त्याला दोनदा हरवायला हवं.

आयपीएल पाहता ना? २०११ पासून तिथे गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन संघांना अशी दुसरी संधी मिळते. पण अंतिम सामना एकच. २०१३ मध्ये चेन्नईने पहिल्या क्वालिफायरमध्ये मुंबईला ४८ धावांनी हरवलं. मुंबई दुसऱ्या वाटेने अंतिम सामन्यात आली आणि चेन्नईला २३ धावांनी हरवून करंडक घेऊन गेली. दोघांचा हिशेब एक-एक! मी मुंबईच्या बाजूची, तरी मनाला जरा लागलंच.

आता आपली लूडोवाली मुलगी. समजा, ती कुणाशीही खेळली तरी दहापैकी सहा डाव जिंकते. साध्या बाद फेरीत लागोपाठ तीन डाव जिंकायचे. करा गुणाकार: ०.६ × ०.६ × ०.६. म्हणजे शंभर स्पर्धा झाल्या, तर साधारण २२ वेळा बक्षीस तिचं. दोन संधी दिल्या तर? रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. उत्तर आलं २५! एवढी खटपट करून तीनच जास्त? कारण पाहा हं. पहिला डाव हरलेल्याला पुढचे सहा डाव सलग जिंकावे लागतात. फासा इतका वेळ कुणाची बाजू घेतो?

त्यापेक्षा बाद फेरी साधीच ठेवा, पण प्रत्येक जोडीत तीन डाव. दोन जिंकेल तो पुढे. मग येतात २७. डाव थोडे वाढतात खरे, पण फाशाने एकदा दगा दिला तरी लगेच सावरता येतं. (सापशिडीत मात्र संधी कितीही द्या, आठही जणांना सारखीच आशा. तिथे डोकं चालवायला जागाच नाही!)

वर्गाला काही माझा हिशेब पटला नाही. "बाई, दोन संधी असल्या की पहिल्याच फेरीत हरलेल्याला नुसतं बघत बसावं लागत नाही!" यावर काय बोलणार? शेवटी आठही जणांना हात वर करायला सांगितलं. तीन डावांच्या बाजूने एकच हात. ओळखा पाहू कुणाचा!