दूर्वा काळ्या का झाल्या?

बालमित्रांनो, गणपतीच्या आरासात फिरणारं रंगीत चक्र तुम्ही पाहिलं आहे का? नसेल तर आई-बाबांना विचारा. मी लहान असताना धुळ्यात आमच्या गल्लीच्या गणपतीपुढे तसं एक होतं. पुठ्ठ्याच्या चकतीला चार खिडक्या, त्यांना लाल, पिवळा, हिरवा, निळा जिलेटिन कागद, मागे बल्ब आणि फिरवायला छोटी मोटर. मूर्ती घटकेत लाल, घटकेत निळी! एकदा लाल उजेड पडला नि मी ओरडले, "दूर्वा जळाल्या!" सगळे हसले. पण दूर्वा खरंच काळ्या दिसत होत्या, बरं का!

ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. गेल्या वर्षी माझ्याच वर्गाने तिची आठवण करून दिली.

आमची शाळा अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. स्नेहसंमेलनासाठी चौथीच्या मुलांनी मोबाइलवर छोटी फिल्म केली, कापूस वेचणाऱ्या आईची. आई झालेल्या मुलीने तिच्या खऱ्या आईची हिरवी साडी नेसली होती. तिची आई कापूस वेचायला जाते. ती साडी तिने मजुरीच्या पैशातून घेतलेली, सणावारालाच नेसायची.

फिल्ममध्ये दुपारची संध्याकाळ आणि संध्याकाळची रात्र करायची होती. शूटिंग तर भर दुपारी झालेलं! पण यात नवल नाही. मूकपटांच्या काळात दिवसा घेतलेल्या दृश्याची फिल्म निळ्या रंगात बुडवत, की झाली रात्र! आगीसाठी लाल, दिव्याच्या उजेडासाठी नारिंगी. एकेक तुकडा वेगळा रंगवायचा नि मग जोडायचा.

आता हेच काम कॉम्प्युटर करतो. आमच्या फिल्ममध्ये सेकंदाला २५ चित्रं. आठ सेकंदांचं दृश्य म्हणजे २०० चित्रं झाली. सगळी हाताने रंगवायची नाहीत. पहिल्या चित्राला पिवळी छटा, दोनशेव्याला निळी, एवढंच सांगायचं. अशा खुणेच्या चित्राला कीफ्रेम म्हणतात. मधल्या छटांचा हिशेब कॉम्प्युटर मांडतो. पण तो पडला हिशेबी प्राणी! पिवळ्यातून निळ्याकडे सरळ निघाला आणि मधोमध राखाडी, मळकट रंग आला. आपलं आभाळ असं कुठे जातं? म्हणून मी मध्ये आणखी दोन खुणा दिल्या, एक लाल आणि एक जांभळी. झाली की झकास संध्याकाळ!

मोठ्या ऐटीत मी वर्गाला फिल्म दाखवली. पांढरा कापूस लालेलाल झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण ती मुलगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाई, साडी काळी दिसते. आईला वाटेल, मी खराब केली."

माझी ऐट कुठल्या कुठे पळाली. आणि एकदम त्या दूर्वा आठवल्या!

रंगीत छटा चित्रात रंग घालत नाही, ती रंग काढून घेते. लाल कागद लाल उजेड पुढे जाऊ देतो, बाकीचा अडवतो. कापूस पांढरा, म्हणजे त्याच्याजवळ सगळेच रंग. म्हणून तो लाल झाला. हिरव्या साडीजवळ लाल जवळजवळ नाहीच. मग उरणार काय? काळोख! कॉम्प्युटरनेही तेच गणित केलं होतं. लाल जिलेटिन कागद डोळ्यांपुढे धरा आणि कडुलिंबाचं पान नि वहीचं कोरं पान शेजारी ठेवून पाहा. सूर्याकडे मात्र बघायचं नाही हं!

तुम्ही म्हणाल, एका साडीचं एवढं काय? पण त्या साडीत कितीतरी दिवसांची वेचणी होती. मी छटा पातळ केली. मुलीच्या आकाराभोवती रेघ आखून छटा तेवढ्या जागेतून वगळली. ती हलली की रेघही हलवायची! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. रंग मोठमोठ्यांनाही चकवतात. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायला फिल्म जर्मनीला पाठवली, तरी रंग मनासारखे उतरले नाहीत. मग माझी काय कथा!

संमेलनाच्या दिवशी तिची आई तीच साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. पडद्यावर आभाळ पिवळं, लाल, जांभळं, निळं होत गेलं. साडी मात्र हिरवीच राहिली. फिल्म संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि पदर पुढे करून म्हणाली, "बाई, मनी साडी जशी शे तशीच दिसनी!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी ती हसत होती.