दहा दिवसांची पिशवी

रोश हशानाची, म्हणजे ज्यू नववर्षाची, प्रार्थना आटोपून लोक बाहेर पडू लागले की आमच्या सिनेगॉगच्या दाराशी चौथीची मुलं कागदी पिशव्यांचे गठ्ठे घेऊन उभी असतात. दर कुटुंबाला एक पिशवी. पिशवीला एक यादी चिकटवलेली: टूना माशाचे डबे, पीनट बटर, शिजवलेला राजमा, सीरियल, तान्ह्या मुलांचे डायपर. दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे उपासाचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी कोल निद्रेच्या प्रार्थनेला येताना ही पिशवी भरून आणायची आणि दालनातल्या टेबलांवर ठेवायची. तिथून सगळं सामान गावातल्या अन्नकोठीत जातं. अमेरिकेतल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, हे चालतं.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल ज्यू. लग्नानंतर न्यू जर्सीला आले आणि इथल्या रविवारच्या हिब्रू शाळेत मदतनीस म्हणून जाऊ लागले, ती अजून जातेच आहे. अक्षरं आणि प्रार्थना शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका आहेत. माझ्याकडे येतं ते सणांचं काम आणि त्सेदाका, म्हणजे धर्मानं लावून दिलेलं दान. वर्गात पत्र्याचा एक डबा आहे. रविवारी आल्या आल्या मुलं त्यात पंचवीस सेंटचं नाणं टाकतात. शनिवारी नाही, कारण शब्बाथला पैशाला हात लावायचा नसतो. ठाण्यातही शुक्रवारी दिवे लावायच्या आधी आई आमच्या हातून डब्यात नाणं टाकून घ्यायची. दिवे लागले की डबा बंद.

पिशव्यांची मुळं योम किप्पूरच्या सकाळी वाचल्या जाणाऱ्या भागात आहेत. तो यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायातला. दिवसभर उपाशी राहून मान खाली घालून बसलेल्या लोकांना संदेष्टा फटकारतो: तुमच्या मजुरांना राबवून घेता आणि वर उपास करता? भुकेल्याला आपल्यातलं अन्न द्या, उघड्याला कपडे द्या, मग तुमच्या उपासाला काही अर्थ. मोठी माणसं हे पंचवीस तास न खाता-पिता ऐकतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना उपास नसतो. तो मुलींना बारा आणि मुलांना तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर. त्यामुळे मुलांच्या वाट्याला या सणातलं खरं काम येतं ते पिशव्यांचं.

उपासानंतरच्या रविवारी आम्ही सामान निवडायला बसतो. प्रत्येक डबा उलटा करून तारीख बघायची. तारीख उलटून गेलेला बाजूला, पोचा पडलेला बाजूला, फुगलेला तर थेट कचऱ्यात. ज्या डब्यांना ओढून उघडायची कडी असते ते वेगळे ठेवायचे, कारण घर नसलेल्या माणसाकडे डबा उघडायचं हत्यार नसतं. हे मला अन्नकोठी चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, मी मुलांना सांगितलं. एकदा दोन वर्षांपूर्वी तारीख संपलेल्या अननसाच्या चकत्या निघाल्या. एक मुलगा म्हणाला, “फुकट मिळतंय तर चालेल की त्यांना.” त्याच्या शेजारच्या मुलीनं डबा त्याच्यासमोर सरकवला. “मग तू खा.” त्यानं नाक मुरडलं आणि डबा मुकाट्यानं टोपलीत गेला. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. पिशव्या सजवताना हमखास कोणीतरी ठसठशीत अक्षरांत आपलं नाव लिहितं आणि मी नाव नको म्हटलं की रुसतं. “मी दिलं हे त्यांना कळायला नको का?” तिथून आम्ही मायमोनिडीसकडे वळतो. बाराव्या शतकातला हा पंडित आणि वैद्य; त्यानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. त्याच्या वर हसतमुखानं पण हवं त्यापेक्षा कमी देणारा. मग मागितल्यावर देणारा, त्याच्या वर मागायच्या आधीच देणारा. पुढे कोणाला कोण ठाऊक याचा हिशेब. घेणाऱ्याला देणारा माहीत आहे पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, ही एक पायरी. याच्या उलट असेल तर त्याहून वरची. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, ती सातवी. आणि सर्वांत वर, समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करायचं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

मी या आठ पायऱ्यांच्या पट्ट्या कापून देते आणि मुलांना क्रम लावायला सांगते. बहुतेक गट ‘हसतमुखानं देणारा’ वर नेऊन ठेवतात. तो खालून दुसरा आहे म्हटल्यावर वर्गात गोंधळ उडतो. आनंदानं देणं चांगलंच, पण पुरेसं देणं आणि घेणाऱ्याची मान खाली न जाऊ देणं त्याहून मोठं, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो. त्याच परंपरेचा आणखी एक नियम असा की दानावर जगणाऱ्यानंही त्यातून दान करायचं. “त्याच्याकडे काहीच नाही, तरी?” एकीनं विचारलं. उत्तर दुसऱ्या मुलानं दिलं: “नाहीतर तो सारखा घेणाराच राहील ना.” हा मुलगा एरवी वर्गात फारसा बोलत नाही. त्याच्या घरी काय परिस्थिती आहे हे मला माहीत होतं, वर्गाला नव्हतं. पिशवीवर नाव का नको, याचं कारण मला त्या रविवारी नव्यानं पटलं.

पण माझं मन या बाबतीत सरळ नाही. मी वाढले ते अगदी उलट्या पद्धतीत. आमच्याकडे रोश हशाना हा नव्याचा सण. त्या दिवशी मधात बुडवलेलं सफरचंद असायचंच, पण खरी वाट बघायची ती नारळाच्या दुधात आटवलेल्या चिकाच्या हलव्याची. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून प्रार्थनेला जायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तो दान देण्याचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनीही कोकणातल्या या सणांची नोंद केली आहे. आमची आजी त्या दिवशी उपास सोडायला केलेल्या रव्याच्या गोड पुऱ्या, तांदूळ आणि थोडे पैसे काढून ठेवायची. भांडी घासणाऱ्या मावशी, गल्ली झाडणारे काका, दारावर येणारी म्हातारी, सगळ्यांना नावानं हाक मारून द्यायची. आम्हा नातवंडांच्या हातून द्यायची. “दोन्ही हातांनी दे,” असा तिचा दंडक.

मायमोनिडीसच्या शिडीवर आजी मधल्या पायरीपाशीच अडकते. दोघं एकमेकांना ओळखतात, समोरासमोर देणंघेणं होतं. पण तिला म्हातारीच्या गुडघ्यांची खबर होती, मावशींच्या मुलाची फी कधी भरायची ते ठाऊक होतं. कित्येकदा मागायच्या आधीच ती फी भरलेली असायची. इथं आमच्या मुलांना सामान कुठं जातं एवढंच कळतं. लाज वाचते, ओळख मात्र होत नाही.

ही उणीव सुक्कोत काही प्रमाणात भरून काढतो. योम किप्पूरनंतर पाचव्या दिवशी हा सण येतो. सिनेगॉगच्या आवारात मांडव उभा राहतो. त्याच्या छपराला झाडापासून तोडलेल्या फांद्या, पानं, मक्याची ताटं चालतात, प्लास्टिक चालत नाही. आणि फटींतून तारे दिसायला हवेत. सात दिवस जेवण या मांडवात. मायमोनिडीस इथंही खडसावतो: सणाच्या दिवशी दारं बंद करून जो आपल्या बायकामुलांबरोबरच खातो-पितो आणि गरिबाला जेवू घालत नाही, त्याचा आनंद फक्त पोटाचा. म्हणून मुलांच्या मांडवातल्या जेवणाला अन्नकोठीत काम करणारे लोक येतात, शेजारच्या चर्चमधली कुटुंबं येतात. कोण देणारे, कोण घेणारे, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांच्या ताटात तेच सूप आणि तोच चल्ला पाव. मुलं पाहुण्यांना लुलाव कसा हलवायचा ते दाखवतात: खजुराचं कोवळं पान, मर्टल आणि विलोच्या डहाळ्या एका हातात, महाळुंगासारखं एत्रोग दुसऱ्या हातात. आजीला हे आवडलं असतं. फक्त सूप अळणी म्हणाली असती.

सुक्कोतनंतरचा सिम्हाथ तोरा झाला की सण संपतात आणि पत्र्याचा डबा फोडायची वेळ येते. सणांत जमलेले पैसे कोणाला द्यायचे ते मुलंच मतानं ठरवतात. गेल्या वर्षी तीन नावं होती: अन्नकोठी, बेकारांना सुतारकाम शिकवणारी एक संस्था आणि भटक्या कुत्र्या-मांजरांचा निवारा. मी मनातून सुतारकामाच्या बाजूनं होते. सर्वांत वरची पायरी, पुस्तकातल्यासारखी. मी पट्ट्यांची आठवणही करून दिली. निवाऱ्याच्या बाजूनं बोलायला एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, मांजराला कोणी दिलं ते कळत नाही, आपल्यालाही कोणत्या मांजराला मिळालं ते कळत नाही, म्हणजे ही सातवी पायरी झाली. शिवाय मांजराला नोकरी लावून देता येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी याहून वरची पायरीच नाही.

यावर शिक्षिकेकडेही उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही. मतं मोजली, निवारा जिंकला, चेक गेला. आठ पायऱ्या पाठ म्हणून दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या जोरावर मोठ्यांशी वाद घालणारं पोर मला जास्त भरवशाचं वाटतं. या वर्षी मतदानाच्या आधी सुतारकामाच्या बाजूनं बोलण्यासाठी मीही नाव दिलं आहे. मला तीनच मिनिटं मिळणार आहेत, मुलांना मिळतात तेवढीच.