सतरा बाय सतरा

2023च्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. गुरुवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, दुपारी ईमेल बंद झाला आणि शनिवारी कुरिअरवाला येऊन कंपनीचा लॅपटॉप घेऊन गेला. तो जिना उतरत असतानाच माझ्या लक्षात आलं, की पाच वर्षं स्वतःला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या माझ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही. कॉलेजातला लॅपटॉप केव्हाच मेला होता. त्यानंतर जे काही केलं, शनिवार-रविवारी हौसेने लिहिलेल्या चार ओळींसकट, ते सगळं कंपनीच्या मशीनवर.

घरी सांगायला तीन दिवस लागले. डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये तीन दिवस काही लपवणं हेही एक कौशल्यच म्हणायचं. आईला सांगितलं, लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय. बाबांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना तेच म्हणाले, "अगं, गेली का?" मी मान हलवली. मी सहावीत असताना त्यांची कंपनी बंद पडली होती. ते फिटर होते. विचारण्याची वेळ कोणती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. त्यात व्हर्निअर, मायक्रोमीटर, बारा इंची पोलादी पट्टी, कानशी. "कंपनीला टाळं लागलं तेव्हा लोकांची हत्यारं आत अडकली. माझी माझ्याजवळ होती. पंधरा दिवसांत दुसरीकडे उभा राहिलो." एवढंच बोलून ते चहा करायला गेले.

तर आपलं हत्यार घ्यायचं ठरलं. स्वस्तातला लॅपटॉप घेता आला असता, पण त्या पैशांत मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली. म्हणजे आठ जीबी घेतली तर आयुष्यभर आठच. मला तीन-चार कंटेनर, डेटाबेस आणि ब्राउझर एकदम चालवायचे होते. स्वतः जोडलेला डेस्कटॉप बरा. फक्त तो ठेवायचा कुठे?

घरात एकच जागा निघाली. आईचं शिलाई मशीन आणि भिंत यांमधली फट. आईच्या टेपने मोजली तर बरोबर सात इंच. म्हणजे पावणेअठरा सेंटिमीटर. नेहमीच्या टॉवर कॅबिनेटची रुंदीच वीसच्या आसपास असते. मशीन सरकवायचं तर कपाटाचं दार उघडेना. आणि आईची ब्लाउजं, फॉल-बिडिंग यांवर त्या महिन्यात घर चालणार होतं. त्यामुळे मशीन हलणार नाही, हे न बोलताच ठरलं.

मग आधी पंधरा सेंटिमीटर रुंदीचा, साधारण अकरा लिटरचा एक डबा शोधला. त्यात एकाच मापाचा बोर्ड बसणार होता, मिनी-आयटीएक्स. सतरा सेंटिमीटर बाय सतरा सेंटिमीटर. हे माप तैवानच्या व्हीआयए कंपनीने 2001 मध्ये आणलं, तेही स्वतःच्या कमी वीज खाणाऱ्या चिप्ससाठी. ती कंपनी पीसीच्या शर्यतीत मागे पडली, माप मात्र टिकलं. टिकण्याचं एक कारण साधं आहे. या बोर्डाची चार भोकं मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या भोकांपैकीच चार आहेत. त्यामुळे तो छोट्या डब्यात बसतोच, पण मोठ्या डब्यातही बसतो.

पूर्ण एटीएक्स बोर्ड साडेतीस बाय चोवीस पूर्णांक चार सेंटिमीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर मिनी-आयटीएक्स त्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी भरतो. पण तो स्वस्त पडेल असं वाटत असेल तर चूक. तेच सर्किट कमी जागेत दाटीने बसवायचं, त्यासाठी बोर्डात जास्त थर लागतात आणि गिऱ्हाईक कमी. मला मिळालेल्या भावांमध्ये तोच चिपसेट मायक्रो-एटीएक्सपेक्षा जवळजवळ दीडपट महाग होता. थोडक्यात, डोंबिवली आणि दादरच्या जागांचा हिशेब.

छोट्या बोर्डाची गंमत अशी, की तो तुम्हाला आधीच निर्णय घ्यायला लावतो. एक्स्पान्शन स्लॉट एक. रॅमचे स्लॉट दोन. मोठ्या बोर्डावर आज दोन पट्ट्या लावा, दोन पुढच्या वर्षी. इथे आठ-आठच्या दोन घेतल्या की जागा संपली, पुढे वाढवायच्या तर आधीच्या विकाव्या लागणार. एकच सोळाची घ्यावी तर ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातले, ते याच मेमरीवर जगतात आणि एका पट्टीवर मंदावतात. शेवटी सोळा-सोळाच्या दोन घेतल्या आणि तो विषय संपवला.

खरा घोळ सॉकेटचा होता. एएमडीचा नवा एएम5 सॉकेट 2022 मध्ये आला होता. तो घ्या, पुढच्या पिढीचे प्रोसेसरही बसतील, असं जो तो सांगत होता. पण त्याला डीडीआर5 रॅम लागते आणि बोर्डही महाग. एएम4 जुना, वाटेच्या शेवटी आलेला. मी दोन रात्री तक्ते करत बसले. तिसऱ्या रात्री जाणवलं, की मी बोर्डाचं भविष्य मोजतच नाहीये. नोकरी किती महिन्यांत लागेल, हा आकडा मला माहीत नव्हता, म्हणून मी माहीत असलेले आकडे पुन्हापुन्हा मांडत होते. तक्ता बंद केला. एएम4 घ्यायचं ठरवलं.

मग बी550 की ए520? बी550 मध्ये पीसीआयई 4 मिळतं, ए520 मध्ये 3. पण मी घेणार होते तो रायझन 5 5600जी प्रोसेसर मुळात पीसीआयई 3 वरच थांबतो. म्हणजे बी550च्या ज्या वेगाचे मी पैसे देणार, तो माझ्यापर्यंत पोचणारच नव्हता. ए520 घेतला. त्या पैशांत घराचा महिन्याचा किराणा बसत होता.

बाबा बरोबर आले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. घरी आल्यावर त्यांनी बोर्ड कडेने धरला आणि व्हर्निअर लावायला गेले. व्हर्निअर दीडशे मिलिमीटरचं, पुरेना. पट्टी लावली. "एकशे सत्तर. बरोबर आहे." त्यांच्या लेखी बोर्ड आता पास झाला होता.

सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. तारा काढल्या, घातल्या, रॅमची एकेक पट्टी लावून पाहिली. काळाच. आई मशीन थांबवून बघत होती, आणि मला पहिल्यांदाच रडू आलं. नोकरी गेली तेव्हाही आलं नव्हतं.

कारण नंतर सापडलं. ए520 बोर्ड 2020चे, 5600जी बाजारात आला 2021 मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. माझ्या बोर्डावर प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येईल असं बटण होतं. फक्त नवी फाइल पेनड्राइव्हवर हवी. आणि ती घ्यायला कॉम्प्युटर हवा.

बाबा उठले आणि स्पीकरमधून स्वतःचा नाट्यसंगीताचा पेनड्राइव्ह काढून आणला. फाइल फोनवर उतरवली, फोनवरच उघडली, सांगितलेलं नाव दिलं, ओटीजीने पेनड्राइव्हवर टाकली. गाण्यांना धक्का लावला नाही. बटण दाबलं. बोर्डावरचा दिवा लुकलुकत राहिला, पाच-सहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर अक्षरं आली. आई म्हणाली, "आता मी मशीन चालवू का?"

पुढची अकरा आठवडे त्या सात इंचांशेजारी बसून मी छोटी कामं केली, मुलाखती दिल्या. नोव्हेंबरात नोकरी लागली. नव्या कंपनीने लॅपटॉप पाठवला. तो चांगला आहे, पण त्यावर मी फक्त कंपनीचं काम करते.

माझा डबा फटीतच आहे. एक गोष्ट मी कुठल्याच तक्त्यात धरली नव्हती. शिलाई मशीनशेजारी ठेवलेला पंखा कापडाचे तंतू ओढून घेतो. दर दुसऱ्या रविवारी चार स्क्रू काढून मी तो साफ करते. ब्रश बाबांच्या पेटीतला. काम झालं की ते तो मोजून परत ठेवतात.