पाणी नेमके कुठे मुरते?

पाणी जमिनीत मुरते, जिरते, झिरपते, पाझरते. जमीन ते शोषते, धरते किंवा त्याचा निचरा करते. बोलताना आपण ही क्रियापदे एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि त्यात फारसे काही बिघडत नाही. पण जरा थांबून पाहिले तर प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. मुरण्याला वेळ लागतो: लोणचे मुरते, ताप अंगात मुरतो. जिरण्यात नाहीसे होणे आहे: अन्न जिरते, मस्ती जिरते. झिरपणे थेंबाथेंबाने होते. पाझरण्यात पाण्याचे पुन्हा कुठेतरी प्रकट होणे गृहीत आहे, आणि १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून जागोजागी जे तलाव झाले त्यांना 'पाझर तलाव' हे नाव शोभते ते त्यामुळेच. त्यांचे पाणी खालच्या विहिरींना फुटावे अशी अपेक्षा असते. निचरा म्हणजे निघून जाणे, आणि धरणे हे त्याच्या नेमके उलट.

या शब्दांकडे आम्ही वळलो ते एखाद्या ग्रामीण कादंबरीच्या निमित्ताने नव्हे. यंदा नववीत जाणाऱ्या, आमच्या शेजारच्या तीन मुलांनी हिवाळ्यातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रकल्प योजला होता आणि त्याच्या आराखड्याची भाषा तपासून द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. मराठीच्या अध्यापकाने ऱ्हस्वदीर्घ पाहावे, विज्ञानाचे विज्ञानशिक्षक पाहतील, अशी कामाची रास्त वाटणीही त्यांनी केली होती. आराखडा एका पानाचा होता. नदीकाठची काळी माती, टेकडीचा मुरूम आणि कोकणातल्या आजोळाहून आणलेली जांभ्याची लाल माती, असे तीन नमुने. पाण्याच्या तीन बाटल्या बुडाशी कापून उलट्या टांगायच्या, तोंडाला फडके बांधायचे, प्रत्येकीत सारखी माती भरायची, वरून २०० मिलिलिटर पाणी ओतायचे आणि दहा मिनिटांत खाली किती उतरले ते मोजायचे. उद्देश: 'वेगवेगळ्या मातींची सच्छिद्रता सिद्ध करणे.' आणि प्रयोग व्हायच्या आधीच लिहिलेला निष्कर्ष: 'मुरमातून सर्वाधिक पाणी खाली येते, म्हणून मुरूम सर्वाधिक सच्छिद्र आहे.'

शुद्धलेखनाची चूक कुठेच नव्हती. अडचण दोन शब्दांत होती. एक 'सिद्ध' आणि दुसरा 'म्हणून'.

'म्हणून' आधी घेऊ. सच्छिद्रता म्हणजे मातीच्या एकूण आकारमानात रिकाम्या जागेचा वाटा. ती काढायला पाणी खाली उतरावेच लागते असे नाही. मातीच्या खनिज कणांची घनता बहुधा घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅमच्या आसपास असते. वाळलेल्या मातीचा एक घनसेंटिमीटर १.३ ग्रॅम भरला तर कणांनी व्यापलेली जागा सुमारे ४९ टक्के, उरलेली ५१ टक्के रिकामी. वाळूचा तेवढाच हिस्सा १.६ ग्रॅम भरला तर रिकामी जागा ४० टक्क्यांवर येते. म्हणजे जिच्यातून पाणी भराभर निघून जाते त्या वाळूत पोकळी कमी, आणि जिच्यावर पावसानंतर डबकी साचतात त्या चिकण मातीत पुष्कळदा अधिक. पाणी आरपार जाऊ देण्याच्या गुणाला शास्त्राच्या परिभाषेत वेगळा शब्द आहे: पार्यता. मुलांनी पार्यता मोजायचे ठरवले होते आणि तिला सच्छिद्रतेचे नाव दिले होते.

हे मुलांना पटेना, आणि सहजी पटावे असे ते नाहीही. भोके जास्त असतील तर पाणी जास्त जाणारच, हे चाळणीने आपल्याला शिकवलेले असते. तेव्हा आम्ही गोट्या आणि सायकलचे छर्रे यांचा आधार घेतला. एक मोठे भांडे गोट्यांनी भरा, तसेच दुसरे छर्र्यांनी. दोन्हींत किती पाणी मावते ते मोजा. गोळे एकाच आकाराचे आणि भांडे पुरेसे मोठे असेल तर मोकळी जागा दोन्हीकडे जवळपास तेवढीच, नुसते ओतले तर ४० टक्क्यांच्या आसपास. कितीही चातुर्याने रचले तरी एकसारख्या गोळ्यांत २६ टक्के जागा मोकळी राहतेच. केपलरने १६११ मध्ये हा अंदाज मांडला आणि त्याची सिद्धता द्यायला टॉमस हेल्सपर्यंत, १९९८ पर्यंत, वाट पाहावी लागली. गोळा मोठा की लहान याला या हिशोबात स्थान नाही. मात्र गोट्यांमध्ये छर्रे ओतले की लहानांनी मोठ्यांच्या फटी भरल्या जातात आणि पोकळी घटते.

आकाराला महत्त्व येते ते वाहण्यात. बारीक नळीतून जाणारे पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलते. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणून एका नळीऐवजी निम्म्या त्रिज्येच्या चार नळ्या घेतल्या, तर पोकळी अगदी तेवढीच राहते, पण पाणी चौथा हिस्साच वाहते. चिकण मातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान, त्यातही गोल नव्हेत, पापुद्र्यांसारखे. त्यांच्यामधल्या जागा असंख्य आणि अतिशय अरुंद. पाणी तिथे शिरते आणि अडकून राहते. जागा असणे आणि वाट असणे या दोन गोष्टी आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या काही बेसाल्ट खडकांत वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोके डोळ्यांना दिसतात. ती एकमेकांना जोडलेली नसतील तर त्यांचा पाण्याला काहीच उपयोग नसतो.

इथवर हा शब्दांचा काथ्याकूट वाटू शकेल. तो तसा राहिला नाही, कारण तिघांपैकी एकीने विचारले, "मग काका, आमचा शोषखड्डा कुठे खणायचा?" तिच्या घरी सांडपाण्याचा जुना खड्डा तुंबला आहे आणि वडील नवा खणणार आहेत. जागा दोन: घरामागची काळ्या मातीची पट्टी, किंवा गोठ्याच्या वरच्या अंगाचा मुरूम. 'काळी माती सगळ्यात जास्त पाणी पिते' असे शाळेत शिकलेले तिने घरी सांगितले होते आणि वडिलांनी घरामागची जागा जवळजवळ नक्की केली होती. पुस्तकातले वाक्य खोटे नव्हते. काळी माती पाणी पुष्कळ धरते हे खरेच. पण शोषखड्ड्याला पाणी धरणारी नव्हे, पुढे जाऊ देणारी जमीन लागते. एका क्रियापदाच्या गोंधळापायी पावसाळाभर अंगणात सांडपाणी उभे राहिले असते. उलट, मुरमाची जागा विहिरीच्या जवळ. तिथे भराभर जिरलेले घाण पाणी न गाळले जाता तितक्याच भराभर विहिरीत उतरण्याची भीती. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण संशयाने म्हणतो तेव्हा बोट भलत्या ठिकाणी दाखवलेले असते; इथे मात्र ते नेमके कुठे मुरते हाच प्रश्न होता.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पावसाचे पाणी वाहून न जाता शेतजमिनीत मुरावे यासाठी बंधाऱ्यांची योजना सुचवली आहे. ते पुस्तक आम्ही वर्गात शिकवतो. त्यातली धर्मचिकित्सा शिकवतो, भाषेतला संताप शिकवतो. पाणी मुरण्याचा भाग मात्र 'उपाययोजना' या शीर्षकाखाली दोन वाक्यांत उरकतो, कारण तो साहित्याचा विषय नाही असे आपल्याला वाटते. मुलांनी केलेली कामाची वाटणी आपणही करतच असतो.

नव्या आराखड्यात मग एका प्रश्नाचे तीन प्रश्न झाले. मातीत जागा किती? पाणी तिच्यातून किती वेगाने जाते? आणि जायचे ते गेल्यावर किती उरते? पहिल्यासाठी माती उन्हात वाळवून, मग तव्यावर मंद आचेवर वजन घटायचे थांबेपर्यंत तापवायची; प्रयोगशाळेत हेच काम १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत चोवीस तास ठेवून करतात. मग ठरावीक आकारमानाची माती तोलायची, पाणी खालून हळूहळू चढू द्यायचे आणि पुन्हा तोलायचे. पाणी वरून ओतले तर आतली हवा कोंडून राहते आणि ती जागा भरलेली समजली जाते. खालून चढवले तर हवा वरून निसटते. वाढलेले ग्रॅम तितकेच मिलिलिटर. काळी माती भिजल्यावर फुगून बाटलीत वर चढेल, ती उंचीही नोंदवायची. दुसऱ्या प्रश्नासाठी मातीवर पाण्याची उंची सतत ५ सेंटिमीटर राखायची आणि खाली जमलेले पाणी मोजायचे. फ्रान्समधल्या दीझाँ शहरात आंरी दार्सीने वाळूच्या उभ्या नळकांड्यांवर केलेल्या आणि १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचे हे घरगुती रूप. तिसऱ्यासाठी थेंब थांबल्यावर बाटली झाकून एक दिवस ठेवायची आणि तोलायची.

याउपर एक शंका उरते, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. खणलेली, वाळवलेली, कुटलेली आणि चाळलेली माती ही माती असते का? जमिनीत ढेकळे असतात, कुजलेल्या मुळांच्या वाटा असतात, गांडुळांची बिळे असतात. त्या गांडुळांवर डार्विनने १८८१ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. बरेचसे पाणी याच वाटांनी उतरते. चाळणीत पहिल्यांदा मोडतात त्या याच. काळ्या मातीचे तर आणखी वेगळे: वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून धावत आत जाते, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाण्याला दार लावून घेते. तिची पार्यता किती, या प्रश्नाला कधी, असा प्रतिप्रश्न करावा लागतो. संदर्भातून उपटलेल्या ओळीवर निबंध लिहिणाऱ्यांना हे नवीन वाटू नये.

म्हणून बाटल्यांच्या जोडीला जागेवरची चाचणी आली. दोन्ही जागी फूटभर खोल खड्डा, संध्याकाळी भरून रात्रभर भिजू द्यायचा, सकाळी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाला पट्टीने पातळी मोजायची. एक फेरी पावसाआधी, एक पावसानंतर. प्रत्येक नमुन्याच्या तीन बाटल्या, म्हणजे तीनाच्या नऊ झाल्या. यावर शाळेतून आक्षेप आला: नऊ बाटल्या टेबलावर मावत नाहीत, परीक्षकांना चटकन कळेल असे काही हवे, आणि निष्कर्ष आधीच माहीत नसेल तर तक्ता रंगवायचा कधी? आक्षेप घेणारे शिक्षक मुलांच्या हिताचेच पाहत होते. बक्षीस कशाला मिळते हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

पण 'सिद्ध' या शब्दाची अडचण ती हीच, आणि तिथे आम्हाला आमचेच घर दिसले. साहित्याच्या संशोधनाच्या आराखड्यात 'गृहीतके' असा एक मथळा असतो. अमुक लेखिकेच्या कथांत स्त्रीजाणिवा आढळतात. अमुक कवीवर संतपरंपरेचा प्रभाव आहे. चार-पाच वर्षांनी प्रबंध येतो आणि शेवटच्या प्रकरणात सर्व गृहीतके सिद्ध झालेली असतात. एखादे गृहीतक खोटे ठरल्याचे आम्ही फार क्वचित वाचले आहे. याचा अर्थ आमचे विद्यार्थी अचूक अंदाज बांधतात असा नाही. गृहीतक अशा बेताने मांडलेले असते की कोणतीही कथा, कोणतीही कविता त्याला नकार देऊच शकत नाही. काय आढळले असते तर आपण चुकलो असे मानले असते, हा प्रश्न आराखड्याच्या नमुन्यात विचारलेलाच नसतो. मुलांच्या पानावर आम्ही तो लिहायला लावला. प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहून, सही करून पाकिटात घातला आहे. एकाने काळ्या मातीत जागा कमीच निघेल असे अजूनही हट्टाने लिहिले आहे, आणि ते तसेच राहू दिले आहे.

उद्देशाचे वाक्य आता 'तीन मातींत पाण्याला जागा किती, वाट किती आणि थारा किती, हे मोजणे' असे आहे. निष्कर्षाची जागा कोरी आहे. मुलीच्या वडिलांनी खड्डा खणणे दुसऱ्या फेरीपर्यंत लांबवले आहे. आराखडा वाचून त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. पावसानंतरच्या फेरीसाठी मुलांनी 'पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी' असे लिहिले होते. ते म्हणाले, "दिवस कशाला मोजता? वाफसा आला की मोजा." वाफसा म्हणजे मातीतल्या त्या रिकाम्या जागांत पाणी आणि हवा दोन्ही नांदत असतात ती अवस्था, ना चिखल, ना कोरड. ती ओळखायची कशी, हे मुलांनी विचारले. मूठभर माती हातात दाबायची. गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. चार दिवसांचे कलम खोडून हे वाक्य मुलांनी आराखड्यात जसेच्या तसे लिहून घेतले.