बोरघाट उतरताना

खंडाळा मागे पडले की सह्याद्री एकदम पायाखालून सरकतो. खाली खालापूर तालुक्याचा सखल मुलूख, त्यात काड्यापेट्यांएवढी खोपोलीची घरे! देखावा मोठा सुंदर. पण तो मागच्या बाकावरच्यांनी पाहावा. चाक ज्याच्या हाती, त्याने वळणेच पाहावीत.

हा गाडीरस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये खुला झाला, तो बैलगाड्यांसाठी. २००२ पासून शेजारी द्रुतगती मार्ग आहे. पण रस्ता कोणताही घ्या, उतार तोच. थोड्याशा अंतरात सुमारे पाचशे मीटर खाली यावयाचे.

लोकांना वाटते, घाट चढणे अवघड. चढताना फार तर इंजिन तापते आणि गाडी थांबते. उतरताना तापतात ते ब्रेक, आणि गाडी थांबत नाही! सारखा पाय दाबून ठेवला की त्यांची पकड सुटत जाते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. कित्येक शहाणे मात्र इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. गंमत अशी, की आजच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन आपोआप तुटते. न्यूट्रलमध्ये उलट ते जळतच राहते. आणि इंजिन बंद करून उतरणारा तर ब्रेक नि स्टिअरिंग दोन्ही जड करून घेतो.

वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी कथा आहे. गाडीवाले येथे नाणे टाकतात. खुशाल टाकावे, पण गाडी नीट बाजूला उभी करून.

याच देवळाच्या परिसरात १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या वादक पथकाची बस दरीत कोसळली. पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून मंडळी घरी निघाली होती. १३ जण गेले. त्यांत शाळकरी वयाची मुलेही होती.

यंदा भाऊबीजेला पुण्याहून निघाल तेव्हा गाडीत मुले झोपलेली असतील. उतारावर जळका वास आला, तर 'आता आलीच खोपोली' असे म्हणू नका. सुरक्षित जागा पाहून थांबा, ब्रेक आपसूक निवू द्या. वर पाणी ओतू नका. बटाटेवडा खोपोलीत अर्ध्या तासाने खाल्ला तरी चालतो.