पहिल्या पावसाचा वास

मुलांनो, पहिला पाऊस आला की तुमच्या वर्गात काय होतं? आमच्या चौथीत तर फळ्याकडे कुणी बघतच नाही. यंदाही तसंच झालं. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हा वास कशाचा?"

"मातीचा," मी म्हणाले.

"मग काल कोरड्या मातीला का नव्हता?"

मी पुस्तकाचं पुढचं पान उघडायला सांगितलं. (आम्हा शिक्षकांची ही युक्ती तुम्हाला ठाऊक असेलच!)

घरी येऊन वाचलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू राहतात. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात आणि पावसाच्या त्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. नाव वाचून मी थबकले. माझ्या आजीला क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती!

ते औषध याच जिवाणूंचं. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत मातीतले जिवाणू वाढवत होता. काही जिवाणू शेजारच्या जिवाणूंना मारणारी रसायनं सोडतात. खत घातलेल्या शेताच्या मातीत त्याला असा एक सापडला, ज्याच्या रसायनाने क्षयाचे जंतू मेले. क्षयावर तोवर गुणकारी औषधच नव्हतं. १९५२चं नोबेल मात्र त्याचे गुरू सेलमन वॅक्समन यांना एकट्यांनाच मिळालं. मला हे अजून खटकतं.

आजीला मी पाहिलेलं नाही. बाबा सांगतात, ते शाळेत होते, तेव्हा आजोबा तिला सायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. रोज सुई, शिवाय गोळ्या. काही महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली. गोळ्या वर्षभर घ्यायच्या होत्या, पण भातलावणी आली. "आता बरी आहे की मी," म्हणत आजीने सगळं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात खोकला परतला आणि या खेपेला तीच औषधं चालेनात.

का चालेनात? लाखो जंतूंमध्ये एखाददुसरा वेगळा असतो, औषधाला दाद न देणारा. औषध अर्ध्यावर सोडलं की असे चिवट उरतात, आणि मग त्यांचीच प्रजा वाढते. म्हणूनच नवी औषधं सतत शोधावी लागतात. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतून हमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळवलं होतं. पण पुढे पुढे शोधणाऱ्यांना तेच ते जिवाणू सापडू लागले. मातीतले शंभरातले नव्व्याण्णव जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत!

मग बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस आणि स्लावा एपस्टाइन यांनी गंमतच केली. बारीक भोकांची एक पट्टी घेतली, शक्यतो प्रत्येक भोकात एक जिवाणू ठेवला, दोन्ही बाजूंना पातळ पडदा लावला आणि पट्टी परत मातीत पुरली. घरच्यासारखं मिळाल्यावर लाजरे जिवाणू वाढू लागले! मेन राज्यातल्या एका माळाच्या मातीतून त्यांना टेक्सोबॅक्टिन मिळालं. २०१५ साली ते जगाला कळलं. परीक्षानळीत ते क्षयाचे जंतूही मारतं. उंदरांवर गुण आला, पण माणसांसाठी ते अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही. एवढा वेळ लागतो. (म्हणून जखमेला माती लावू नका हं, धनुर्वाताचे जंतूही तिथेच असतात.)

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. आजीचंही. वर्ग गप्प. मग तोच मागचा बाक म्हणाला, "बाई, तुम्ही सगळ्या गोळ्या संपवता?"

काय सांगू तुम्हाला! हिवाळ्यात घसा सुजला होता, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, नि उरलेली पट्टी कपाटाच्या खणात गेली. आजीची गोष्ट माहीत असूनही.

"नाही," मी म्हणाले. या वेळी पान उलटायला सांगितलं नाही. संध्याकाळी ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते काही बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले.