गांजाचा गल्ला : काही टिपणं

16 सप्टेंबर 2015. त्या एका दिवसापुरते कोलोराडो राज्याने गांजावरचे खास कर शून्यावर आणले. सणाची सूट नव्हे, घटनेने घातलेली अट होती. तिथल्या राज्यघटनेत 1992 पासून एक कलम आहे : नवा कर लावायचा तर मतदारांना आधी त्या कराचा आणि राज्याच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज सांगा, आणि आकडा अंदाजाच्या वर गेला तर कराचा दर खाली आणा, पैसे परत करा. गंमत म्हणजे गांजाचा कर अंदाजापेक्षा कमीच जमला होता. राज्याचं बाकीचं उत्पन्न वाढलं, म्हणून अंदाज चुकला! मग दर एका दिवसासाठी शून्य केला, दुसऱ्या दिवशी पूर्ववत. पुढे नोव्हेंबरात परत करायचे 6 कोटी 60 लाख डॉलर सरकारकडेच ठेवावेत का, असं लोकांना पुन्हा विचारलं. लोक म्हणाले, ठेवा.

ज्या मालासाठी कालपर्यंत बेड्या पडत होत्या, त्याच्या कराचा परतावा द्यायचा कसा, यावर पुढाऱ्यांना डोकं लावावं लागलं. बंदी उठली की वादाचं काय होतं, हे पाहायला ही एक गोष्ट पुरे.

०

कोलोराडो आणि वॉशिंग्टन, दोन्ही राज्यांत एकाच दिवशी, 6 नोव्हेंबर 2012 ला, गांजा कायदेशीर करायचा का यावर मतदान झालं. कोलोराडोतल्या मोहिमेचं म्हणणं सोपं होतं : दारूसारखंच याचंही नियमन करा. गव्हर्नर जॉन हिकनलूपर विरोधात होते. निकालाच्या रात्री त्यांनी लोकांना बजावलं, केंद्राचा कायदा अजून तसाच आहे, गांजानंतरच्या भुकेसाठी ठेवलेली चीटोज-खाऊची पाकिटं इतक्यात फोडू नका. पुढे अंमलबजावणी त्यांच्याच गळ्यात पडली. 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली.

कराच्या पैशातले पहिले 4 कोटी डॉलर दरवर्षी शाळांच्या बांधकामाला, हे त्या मतपत्रिकेवरच छापलेलं होतं. मला इथेच खटकतं. मुलांना गांजापासून लांब ठेवायचं आणि त्यांच्या वर्गांवरचं छप्पर मात्र गांजाच्या पैशाने घालायचं. विक्री घटली तर आनंद मानायचा की हळहळायचं? 2021 मध्ये तिथे सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा माल विकला गेला, 2023 मध्ये सुमारे दीड अब्जाचा. शेजारच्या न्यू मेक्सिकोत दुकानं निघाली, भाव पडले. लोक सुधारले म्हणून आकडा उतरला, असं मात्र कुणी समजू नये.

०

कराचा दर किती, यावर सगळी मदार. फार ठेवला तर गिऱ्हाईक जुन्या चोरट्या विक्रेत्याकडेच जातं. फार कमी ठेवला तर माल स्वस्त होऊन खप वाढतो. कॅलिफोर्नियाने पहिली चूक पोटभर केली. 2018 मध्ये दुकानं उघडली तेव्हा विक्रीवर 15 टक्के, शिवाय शेतकऱ्याकडून वजनावर वेगळा कर. वजनावरच्या कराची खोड अशी की भाव कोसळला तरी तो कोसळत नाही. 2022 पर्यंत पौंडामागे 161 डॉलर झाला होता, आणि घाऊक बाजारात मालाला उठाव नव्हता. सरळमार्गी शेतकरी मेटाकुटीला आले. जुलै 2022 मध्ये तो कर काढला. त्याची भरपाई म्हणून 2025 च्या जुलैत विक्रीवरचा कर 19 टक्के केला, ओरड झाली, ऑक्टोबरात पुन्हा 15 वर आणला.

त्यात निम्म्याहून जास्त गावं-परगण्यांनी आपल्या हद्दीत दुकानच नको म्हटलंय. परवानगी राज्याची, नकार नगरपालिकेचा. मधल्या रिकाम्या जागेत चोरटा बाजार.

०

कोलोराडोतलं पाकीट. मुलांना उघडता येऊ नये असं झाकण, दाबून फिरवल्याशिवाय हलत नाही. वर चौकटीच्या इक्क्यासारखी खूण, तिच्यात उद्गारचिन्ह आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) ही अक्षरं. खायच्या गोळीत 10 मिलिग्रॅम म्हणजे एक मात्रा. हे नियम अनुभवातून आले. 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड कोलोराडोच्या राजधानीत, डेन्व्हरच्या हॉटेलात गांजाची मिठाई खाऊन बसल्या. लगेच काही होईना म्हणून आणखी खाल्ली, आणि पुढचे काही तास भेदरून पडून होत्या. त्याचा लेख झाला, टिंगल झाली. पण मुद्दा खरा होता : ओढलेला गांजा मिनिटांत कळतो, खाल्लेला तासाभराने. 2017 पासून तिथे माणूस, प्राणी किंवा फळ यांच्या आकाराची गोळी करायला मनाई आहे.

कारखान्यातल्या प्रत्येक झाडाला बिल्ला असतो. बी रुजल्यापासून बिल फाटेपर्यंत नोंद. आपल्याकडे जनगणनेला घरं सुटतात, तिथे रोप सुटत नाही.

०

हे सगळं नवं वाटतं, पण 1894 चा अहवाल उघडावा. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरसाची चौकशी करायला मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. त्याने 1,193 साक्षीदार तपासले. निष्कर्ष : बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको. लागवड परवान्याने, दुकानं मोजकी, जवळ बाळगायच्या मालाला मर्यादा, आणि पुरेसा कर. डेन्व्हरला हे शहाणपण पुन्हा सुचायला सुमारे एकशेवीस वर्षं लागली. सरकारची नियत निव्वळ उदार होती असं नाही, गांजाचा महसूल तेव्हाही खजिन्यात येत होताच.

अमेरिकेने कर वापरला तो उलट कामाला. 1937 चा कायदा नावाने करकायदाच होता : नोंदणी असलेल्याला औंसामागे 1 डॉलर, नसलेल्याला 100. कर भरायला यावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून त्याचा कणा मोडला.

०

ओहायो, 2015. कायदेशीर करायचा प्रस्ताव होता, पण लागवड ठरावीक दहाच जागांवर, आणि त्या जागा प्रस्तावाला पैसा पुरवणाऱ्यांच्या. माजी बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसनही त्यांत होते. प्रचाराला ‘बडी’ नावाचा हिरव्या डोक्याचा सुपरहिरो. मतदारांनी जवळजवळ दोनास एक अशा फरकाने फेटाळला. गांजाला नाही म्हणाले की मक्तेदारीला, यावर वाद घालता येईल. 2023 मध्ये त्याच राज्याने हो म्हटलं, तेव्हा दहा जणांचा मक्ता नव्हता.

०

मला पटणारा युक्तिवाद पैशाचा नाहीच. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने 2013 मध्ये आकडे मांडले : ओढण्याचं प्रमाण गोऱ्या-काळ्यांत साधारण सारखंच, पण अटक होण्याची शक्यता काळ्यांना 3.73 पट. इलिनॉयने 2019 च्या कायद्यात जुन्या शिक्षा पुसण्याची तजवीज केली. न्यूयॉर्कने तर दुकानाचे पहिले परवाने प्रामुख्याने ज्यांना गांजापायी शिक्षा झाली त्यांना द्यायचं ठरवलं. हेतू उत्तम, कारभार रखडला. परवाने निघेपर्यंत न्यूयॉर्क शहरात हजाराच्या वर बिनपरवाना दुकानं थाटली गेली, काचेवर निऑनचं पान लावून. ज्यांना न्याय द्यायचा होता ते कागद भरत बसले.

०

केंद्राचा आयकर हा वेगळाच तमाशा. 1981 मध्ये मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने वजनकाटा, पुड्या, फोन, गाडी यांचा धंद्याचा खर्च वजा करून मागितला आणि करन्यायालयाने तो बऱ्याच अंशी दिला! खवळलेल्या अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) पुढच्याच वर्षी कलम 280ई आणलं. त्यामुळे आजचा परवानाधारक दुकानदार मालाची खरेदी तेवढी वजा करू शकतो. भाडं, पगार, वीज नाही. शिवाय अनेक बँका खातं उघडत नाहीत. दुकानदार कराची रक्कम नोटांच्या थैल्यांत भरून घेऊन जातो, आणि घेणारं सरकार त्याला कागदोपत्री गुन्हेगार मानतं.

०

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी. तिथे दुकानातून गांजा घेणं राज्याच्या कायद्याने चालतं, पण व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व केंद्राच्या हाती. एप्रिल 2019 च्या सूचनेत स्थलांतर खात्याने स्पष्ट लिहिलंय की राज्याने परवानगी दिली असली तरी सेवन केलेलं किंवा या धंद्यात काम केलेलं नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं. विमानतळावर किंवा मुलाखतीत नुसती कबुली पुरते, अटक झालेली असायची गरज नाही. दुकानात हिशेब लिहायची नोकरीही यात मोडते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाने नोकरी धरण्याआधी हे वकिलाला विचारावं, काकांना नको.